पाहुण्याची खुर्ची

(धाराशिव जिल्ह्यातील एका सेवा-क्लबाच्या साप्ताहिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



जिल्ह्याच्या वा तालुक्याच्या गावी भरणाऱ्या सेवा-क्लबाच्या साप्ताहिक सभेचा एक ठराविक विधी असतो. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी अध्यक्ष घंटा वाजवतात. राष्ट्रगीत होते, मागील सभेचे इतिवृत्त वाचले जाते, त्या आठवड्यात ज्यांचे वाढदिवस वा लग्नाचे वाढदिवस असतील त्यांना शुभेच्छा दिल्या जातात, चिटणीस आगामी शिबिराची तारीख सांगतात. मग पाहुण्यांचा परिचय करून दिला जातो. तो बहुधा इतका सविस्तर असतो की पाहुण्यांनी मिळवलेले एकही प्रमाणपत्र श्रोत्यांच्या नजरेतून सुटत नाही. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांचे भाषण, दोन-तीन प्रश्न, शाल-श्रीफळ वा स्मृतिचिन्ह, आभार आणि भोजन. पुढच्या आठवड्यात पाहुणा तेवढा बदलतो.

क्लबाच्या वार्षिक अहवालात रक्ताच्या किती पिशव्या जमल्या, किती वह्या वाटल्या, किती रोपे लावली याचे आकडे असतात. परंतु वर्षभरात पाहुण्याच्या खुर्चीवर कोण बसले आणि त्यांच्या बोलण्याने क्लबाच्या विचारात काय फरक पडला, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. वस्तुतः क्लब कोणते काम हाती घेणार आणि कोणते त्याला दिसणारच नाही, हे बऱ्याच अंशी तो कोणाचे ऐकतो यावर ठरते. म्हणून या खुर्चीचा विचार थोडा निवांतपणे करायला हवा.

या क्लबांचा जन्म व्यापारी गरजेतून झाला, हे त्यांचे इतिहासकारही लपवीत नाहीत. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या एका वकिलाने तीन परिचितांना एकत्र बोलावले. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण-अभियंता, एक शिंपीकामाचा व्यावसायिक. मोठ्या शहरात एकट्या पडलेल्या माणसांना मैत्री हवी होती आणि धंद्यालाही ओळखी हव्या होत्या. सभा आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरत असे. त्या फिरतेपणावरूनच 'रोटरी' हे नाव पडले. एका व्यवसायाचा एकच प्रतिनिधी घ्यायचा हा नियमही तेव्हाचाच. त्यामुळे टेबलाभोवती प्रतिस्पर्धी येत नसे आणि वेगवेगळ्या धंद्यांची माणसे एकमेकांना गिऱ्हाईक मिळवून देत. उत्तम सेवा करणाऱ्याला नफाही सर्वांत अधिक होतो, असे सांगणारे बोधवाक्य १९११च्या सुमारास या चळवळीत रूढ झाले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या वाक्याची गंमत वाटते. त्यात सेवा हे भांडवल आहे आणि नफा हा त्यावरील परतावा. निःस्वार्थ सेवेचे दुसरे बोधवाक्य त्याच्या जोडीने चालत आले आणि अखेर त्यानेच अग्रस्थान घेतले, हेही नमूद करायला हवे. शिकागोतील या क्लबाच्या पहिल्या सार्वजनिक खटपटींपैकी एक होती ती शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे यासाठीची. आपल्याकडच्या आठवडी बाजारात भाजी विकायला बसणाऱ्या बाईला विचारले, तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा तो विषय अजून शिळा झालेला नाही असे ती सांगेल.

रोटरी भारतात प्रथम कलकत्त्यास १९१९ साली आली. लायन्स क्लबांची चळवळ मेल्विन जोन्स यांनी १९१७ मध्ये शिकागोतच उभारली. तिचा भारतातील पहिला क्लब १९५६ साली मुंबईत निघाला. पुढे ही दोन्ही नावे जिल्ह्या-तालुक्यांच्या गावांपर्यंत पोहोचली. दवाखाना, कापडदुकान, अडत, वकिली, महाविद्यालय आणि बांधकामाचा ठेका या वर्तुळातील माणसे त्यांत येत गेली. स्त्रियांना मात्र बराच काळ दार बंद होते. लायन्सने ते १९८७ साली उघडले. रोटरीने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातला खटला त्याच वर्षी गमावला आणि १९८९ मध्ये नियम बदलला. तोवर सभासदांच्या पत्नींसाठी वेगळे मंडळ आणि वेगळी हळदीकुंकवे होती.

एवढे म्हटल्यावर समाजवादी वळणाच्या माणसाने हात झटकून मोकळे व्हावे, अशी जुनी सवय आहे. भरल्या पोटाच्या लोकांचा विरंगुळा, असे एक वाक्य टाकले की विषय संपतो. परंतु ते वाक्य पुरेसे खरे नाही. दर आठवड्याला न चुकता जमणे, वेळेवर सुरू करून वेळेवर संपवणे, गैरहजर राहिल्यास दुसऱ्या गावच्या क्लबात बसून हजेरी भरून काढणे, अनोळखी माणसाचे बोलणे मध्ये न तोडता ऐकून घेणे, ही शिस्त सार्वजनिक जीवनात स्वस्त नाही. राष्ट्र सेवा दलाच्या शाखा आणि समाजवाद्यांची अभ्यासमंडळे यांत ती एके काळी होती. आज त्या परंपरेतील किती मंडळे आठवड्यातून एकदा तरी भरतात, हा प्रश्न क्लबाला नावे ठेवण्यापूर्वी स्वतःला विचारावा लागेल. शिवाय आपल्या सभांतील वक्ता दोन तास बोलतो आणि प्रश्न विचारणारा त्यानंतर अर्धा तास. वीस मिनिटांचा नियम आपण शिकलो असतो तर चळवळीचे फारसे नुकसान झाले नसते.

पोलिओच्या कामाचेही श्रेय द्यायला हवे. रोटरीने १९८५ मध्ये जगभर ही मोहीम हाती घेतली. भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याकडे आढळला आणि मार्च २०१४ मध्ये हा प्रदेश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. क्लबांनी पैसा उभा केला, बूथवर माणसे बसवली, सरकारांच्या मागे तगादा लावला. खांद्यावर लसीची पेटी अडकवून वस्तीवस्तीत फिरल्या त्या मात्र अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या. त्यांतील किती जणींना क्लबाने पाहुण्याच्या खुर्चीवर बसवून, वस्तीत कोणते दार उघडत नव्हते आणि का, हे विचारले? सत्कार झाले असतील. सत्काराच्या वेळी मात्र सत्कारमूर्तीने फार बोलू नये असा संकेत असतो.

खुर्चीवर नेहमी कोण बसते, हे इथल्या कोणालाही तोंडपाठ असेल. एखादे सनदी अधिकारी, बँकेचे व्यवस्थापक, पुण्या-मुंबईहून आलेले शल्यविशारद, करसल्लागार, व्यक्तिमत्त्व-विकासाचे व्याख्याते, आणि वर्षातून एखादा निवृत्त प्राध्यापक. ही सारी माणसे काही ना काही शिकवून जातात. परंतु ती वरून खाली बोलतात, किंवा फार तर समपातळीवर. एका व्यवसायाचा एक सभासद हा नियम मुळात विविधतेसाठी होता. पण व्यवसाय म्हणजे मालकी वा पदवी असा त्याचा अर्थ पहिल्या दिवसापासून घेतला गेला. या जिल्ह्यात कष्ट करून जगणाऱ्यांचा सर्वांत मोठा गट शेतकऱ्यांचा आणि शेतमजुरांचा. क्लबाच्या व्यवसाय-यादीत शेतमजुरीला रकाना नाही. सभासद होण्याचे राहू द्या, वर्गणी परवडणार नाही. पाहुणा होण्यास वर्गणी लागत नाही.

पाहुण्याने एका संघटनेची दिशा बदलल्याचे एक उदाहरण याच क्लबांच्या इतिहासात आहे. ३० जून १९२५ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात सीडर पॉइंट येथे लायन्सचे अधिवेशन भरले होते. तेथे हेलन केलर बोलल्या. वयाच्या एकोणिसाव्या महिन्यात दृष्टी आणि श्रवण दोन्ही गमावलेली ही बाई अंधांच्या संस्थेसाठी मदत मागायला आली होती. भाषण अगदी छोटे होते. त्यांनी दयेची याचना केली नाही. आज अचानक दृष्टी गेली तर भरदुपारी कसे चाचपडावे लागेल, काम आणि स्वावलंबन कसे हातचे जाईल, याची कल्पना त्यांनी समोरच्या धडधाकट व्यावसायिकांना करायला लावली. आणि टाळता येण्याजोगे अंधत्व नाहीसे करण्याच्या कामात सोबत मागितली. लायन्सने ते काम स्वीकारले. आज गावोगावी होणारी नेत्रतपासणी आणि मोतीबिंदूची शिबिरे यांचा उगम त्या एका दुपारच्या पाहुण्या वक्त्यापाशी जातो. त्या जागी एखादे नामवंत नेत्रतज्ज्ञ बोलले असते तर टाळ्या तेवढ्याच पडल्या असत्या. त्यातून शंभर वर्षांचे काम उभे राहिले असते का, याची शंका वाटते.

या हकिगतीचा दुसरा भाग क्लबांच्या पत्रकांत क्वचितच छापला जातो. हेलन केलर १९०९ पासून अमेरिकेच्या समाजवादी पक्षाच्या सभासद होत्या. अंधत्वाची कारणे शोधता शोधता कारखान्यांतील वाईट परिस्थिती, मालकांची हाव आणि दारिद्र्य यांच्यापर्यंत आपण पोहोचलो, असे त्यांनी त्या काळात लिहिले होते. सीडर पॉइंटच्या भाषणात कारखान्यांचा विषय नव्हता. श्रोते कोण आहेत हे त्यांना ठाऊक होते. संघटनेने डोळा घेतला आणि कारखाना सोडून दिला, असे म्हणता येईल. तरीही जेवढे घेतले ते मोठे होते; आणि ते घेतले गेले, कारण ज्यांच्यासाठी सेवा करायची त्यांच्यातीलच एक व्यक्ती त्या दिवशी बोलत होती.

'सेवा' हा शब्दही या मातीत तितका निरागस नाही. गावकीची कामे, सांगावा पोहोचवणे, मेलेले जनावर ओढणे, सरकारी माणसाची सरबराई, ही सारी 'सेवा'च होती. ती महार-मांगांकडून वतनाच्या तुकड्याच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या सक्तीने घेतली जात होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी भरलेल्या महार-मांग वतनदार परिषदेला ते स्वतः आले. बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवरील ते छोटे गाव. ही कनिष्ठ वतने कायद्याने संपायला त्यानंतरही सतरा-अठरा वर्षे लागली. या जिल्ह्याने ऐकलेल्या पाहुण्या वक्त्यांची यादी कोणी करायला बसले, तर तिच्यात हे नाव पहिल्या ओळीत येईल. आणि ज्या मंडपात ते बोलले तिथे जमलेले लोक ती 'सेवा' अंगावर सोसत असलेले होते. क्लबाच्या पट्टीवर 'सेवा' हा शब्द छापताना या जिल्ह्यात तरी तो दुहेरी अर्थाने वाचला जातो, याचे भान असावे.

१९७२च्या दुष्काळाचाही इथे उल्लेख हवा, कारण दान आणि हक्क यांतील फरक त्या वर्षाने महाराष्ट्राला शिकवला. मे १९७३ मध्ये राज्यभरात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. खडी फोडणाऱ्या त्या माणसांना कोणाच्या उदारपणावर जगायचे नव्हते. त्यांना काम आणि मजुरी हवी होती. मोर्चे निघाले, घेराव झाले. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्या अनुभवातून कायद्यापर्यंत गेली. कायदा १९७७ साली मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यासाठी पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवण्यात आला. डॉक्टर, वकील, व्यापारी, पगारदार, म्हणजे ज्या वर्गातून क्लबाचे सभासद येतात त्याच वर्गाने तो भरायचा होता. वर्षाला अडीच हजार रुपयांहून अधिक हा कर घेताच येत नाही, अशी घटनेतच मर्यादा आहे. एखाद्या पदग्रहण समारंभातील एका टेबलाच्या भोजनाचा खर्च आणि हा आकडा शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. त्या कराची पावती फाडताना मनात कुरकुर येते आणि शिबिरात फळे वाटताना छायाचित्र काढले जाते. वस्तुतः दुष्काळी मजुराच्या दृष्टीने त्या पावतीचे मोल फळांहून कितीतरी अधिक होते. कारण तिच्यावर त्याचा कायदेशीर हक्क होता. त्याला कोणाचे आभार मानावे लागत नव्हते.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे काय घडले ते या सभागृहात नव्याने सांगण्याचे कारण नाही. अनंत चतुर्दशीची विसर्जने आटोपून लोक झोपले होते. किल्लारी लातूर जिल्ह्यातले आणि सास्तूर या जिल्ह्यातले; दगडमातीच्या रुंद भिंती दोन्हीकडे सारख्याच कोसळल्या. मृतांची संख्या आठ हजारांच्या घरात गेली. देशभरातून मदत आली, सेवा-संस्था आल्या, उद्योगसमूह आले. मदतीत मनापासूनचा ओलावा होता, त्याबद्दल शंका घेणे कृतघ्नपणाचे ठरेल. पुढे सुमारे पन्नास गावे नव्या जागी वसवण्यात आली. नव्या घरांचे आकार ठरले ते असे. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्या कुटुंबाला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला ७५०. भूकंपाने वाडा आणि झोपडी एका रात्रीत सपाट केली होती. पुनर्वसनाने जमिनीचा सातबारा पाहून पुन्हा चढउतार आखले. मोठ्या कुटुंबातल्या भूमिहीन बाईने २५० फुटांत चूल, पाळणा आणि म्हातारा सासरा कसा बसवायचा, हे कोणत्या सभेत विचारले गेले असते? नकाशे काढणारे प्रामाणिक होते, देणगी देणारेही. ज्यांच्यासाठी नकाशे काढले त्यांचे म्हणणे तेवढे त्या टेबलाभोवती नव्हते.

त्याच आपत्तीतून उलट दिशेचेही एक उदाहरण मिळते, आणि ते या जिल्ह्याचे आहे. जी गावे हलवली नाहीत तिथल्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते. त्या कामात प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेमार्फत लातूर-उस्मानाबादच्या गावांतील स्त्रियांना 'संवाद साहाय्यक' म्हणून नेमण्यात आले. अनुदान कसे मिळते, भिंतीत आधार कसा घालायचा, अभियंत्याला काय विचारायचे, हे या बायकांनी शिकून घेतले आणि दारोदार सांगितले. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा मराठवाड्यातील या बायका गुजरातमध्ये गेल्या आणि तिथल्या बायकांशी बोलल्या. ज्यांना गुजराती येत नव्हते, ज्यांच्या शाळेची इयत्ता विचारण्यात अर्थ नव्हता, त्या दूरच्या राज्यात पाहुण्या वक्त्या झाल्या. त्यांनी सांगितलेली माहिती कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्या क्रमाने मिळाली नसती. घर बांधताना ठेकेदार कुठे फसवतो इथपासून, शोकात असलेल्या बाईशी पहिले वाक्य काय बोलायचे इथपर्यंत ती होती. अशा स्त्रिया या जिल्ह्यात आहेत. त्यांना शोधायला कच्छला जावे लागत नाही.

आता व्यवहाराचे थोडे. शेतमजूर बाईला वा ऊसतोड कामगाराला सभेला बोलवायचे म्हणजे काही नियम मोडावे लागतील. पाहुण्याला मानधन न देता शाल देण्याची रीत आहे. पगारदार वक्त्याच्या बाबतीत ती शोभते. ज्याची सभेसाठी मजुरी बुडते त्याला शाल देऊन त्या दिवसाची चूल पेटत नाही. तेव्हा बुडालेली मजुरी आणि एस. टी.चे भाडे सभेपूर्वीच हातात द्यावे, आणि त्याला मदत न म्हणता खर्च म्हणावे. परिचय दोन वाक्यांत आटपावा. वीस मिनिटे सलग बोलण्याची सवय प्रत्येकाला नसते, म्हणून भाषणाऐवजी सभासदांनी विचारावे आणि पाहुण्याने सांगावे. विचारताना उपदेश करू नये. व्यसनमुक्तीचे प्रवचन देण्यासाठी माणसाला बोलावलेले नसते. सभेच्या शेवटी मदतीची घोषणा करण्याचा मोह अध्यक्षांनी आवरावा. तसे झाले की पुढच्या वेळी येणारा माणूस गाऱ्हाणे बेतून आणतो आणि खरे सांगायचे राहून जाते. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची संख्या २०१९ साली विधिमंडळापर्यंत गाजली, तेव्हा अनेक सुशिक्षितांना धक्का बसला. त्या स्त्रिया त्यापूर्वी कित्येक वर्षे याच दवाखान्यांच्या, याच बाजारपेठांच्या रस्त्यांवरून जात-येत होत्या. क्लबांत डॉक्टर असतात. अशा सभेत त्यांना अवघड प्रश्नही ऐकावे लागतील, आणि ते त्यांनी ऐकून घ्यावेत.

रात्री आठची वेळही अडचणीची आहे. खेड्याकडे जाणारी शेवटची गाडी त्याआधी निघून जाते. परंतु सभा शहरातल्याच सभागृहात व्हावी, असा काही दैवी दंडक नाही. रोटरीने तर २०१६ मध्ये सभांच्या नियमांत बरीच ढील दिली आहे. सुरुवातीची सभा कचेरी-कचेरीतून फिरत होती. ती तशी पुन्हा फिरू शकते. एखाद्या आठवड्यात कळंबच्या बाजाराच्या दिवशी दुपारी, एखाद्या आठवड्यात सास्तूरच्या एखाद्या ओट्यावर. सतरंजीवर बसायची तेवढी तयारी हवी, आणि घंटा सोबत नेता येईल.

वर्षभराचे वक्ते जुलैत, नवे पदाधिकारी आले की ठरतात. भूम, वाशी, कळंब या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या दसऱ्यानंतर निघतात आणि उन्हाळा लागता लागता परततात. म्हणजे बोलवायचे तर पावसाळ्याचे महिनेच हाताशी आहेत. मुकादमाकडून मिळणाऱ्या उचलीचे व्यवहार साधारण त्याच दिवसांत होतात. कोयत्यामागे किती उचल मिळाली, मागच्या हंगामाची किती अंगावर राहिली आणि ती कशी फिटते, हे समजावून सांगणारा माणूस त्या दिवसांत गावातच असतो.